बाबालालची बुट्टी

बाबालाल शिकलगारचा मला हेवा वाटायचा. 'वाटायचा' असं लिहितोय खरं, पण माणूस जाऊन दीड वर्ष झालं तरी माझा हेवा काही पुरता गेलेला नाही. परवा माझ्या बायकोनं, सुमननं, भरली वांगी केली होती. पहिला घास घेतला आणि म्हणाली, "बरी झाल्यात. पर भाईंच्या वांग्याची सर न्हाई." वांगी मी पिकवलेली होती. मी ताटावरून उठलो नाही एवढंच. उठलो असतो तर उपाशी मी राहिलो असतो, बाबालालचं काय जाणार होतं?

मी तीस वर्षं शेती खात्यात काढली. फलटणच्या ऊसवाल्यांपासून कोयनेच्या डोंगरातल्या नाचणीवाल्यांपर्यंत सगळ्यांना देवळाच्या मंडपात बसवून शिकवलं. लागण कधी करावी, खताचा हप्ता कधी द्यावा, उसाचं पाचट का जाळू नये. 'पाचट जाळू नका, आच्छादन करा' हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतही बोलतो, असं सुमन सांगते. निवृत्त झाल्यावर पाटणला गावाच्या कडेला घर बांधलं आणि मागं तीन गुंठे परडं ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात बोट दाखवलं, आता स्वतःची भाजी पिकवून दाखवायची होती. लोकांनी कुंपणाशी थांबून विचारलं पाहिजे, साहेब, हे कसं केलंत?

लोक कुंपणाशी थांबायचे. पण माझ्या नाही, पलीकडच्या.

पलीकडे बाबालालची लाकडाची वखार होती. करवतीचं काम मुलानं हातात घेतलं होतं आणि बाबालाल मागच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असायचा. उंच, वाळका, पांढरी दाढी, कानावर सुताराची लाल पेन्सिल. ती पेन्सिल मी त्याच्या कानावरून कधी उतरलेली पाहिली नाही. ईदच्या नमाजाला निघाला तरी नव्या टोपीच्या कडेला ती असायचीच. आणि हा माणूस वाकायचा नाही. पूर्वी कधीतरी ओंडका घसरून पाठीवर आला होता. डॉक्टर म्हणाला, वाकू नका. बाबालालनं ते असं मनावर घेतलं की त्यानंतर तो कशासाठी म्हणून वाकला नाही. काडीपेटी हातातून पडली तर पायानं ढकलत ढकलत कुणातरी वाकणाऱ्या माणसापर्यंत न्यायचा आणि म्हणायचा, "तेवढी द्या की वर."

वाकायचं नाही म्हणून त्यानं जमीनच वर आणली होती. वखारीतल्या टाकाऊ फळ्या ठोकून मांडीएवढ्या उंचीच्या आठ पेट्या केल्या होत्या. बुडाला सडकं लाकूड आणि पालापाचोळा, वर शेणखत आणि माती, आणि त्यावर ओंडके तासताना पडणाऱ्या ढलप्यांचा चार बोटं जाडीचा थर. बस. पेटीच्या फळीवर त्या लाल पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, 'वांगं', 'भेंडी', 'घेवडा'. ढलप्या दोन बोटांनी बाजूला करायच्या, रोप लावायचं, ढलप्या परत सारखायच्या आणि खुर्चीवर जाऊन बसायचं. त्यानंतर बाबालाल जे काही करायचा त्याला माझ्या भाषेत काम म्हणत नाहीत.

मी पहाटे उठून कुदळ मारायचो. सऱ्या दोरी लावून सरळ काढायचो. सकाळ-संध्याकाळ पाणी, दर रविवारी खुरपणी, पंधरा दिवसांनी खत. पाटणचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल. तो चार महिने थांबत नाही. माझी उकरून भुसभुशीत केलेली माती तो गटारात घेऊन जायचा आणि उरलेल्या मातीवर पाय ठेवला की चप्पल आत राहायची. पावसानंतर जे यायचं ते गवत. मी खुरपून पुढं सरकलो की मागं पुन्हा हिरवं व्हायचं. आणि मी घामानं भिजून कंबर धरून उभा राहिलो की पलीकडून बाबालालचा आवाज यायचा, "सायब, च्या घेताय का?"

एकदा चिडून मी विचारलं, "बाबालालभाई, तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

"काय न्हाई," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "गप बसतुय. ते बी कामच हाय. सोपं नसतंय."

दिवसातून एकदा तो उठायचा. आठी पेट्यांपाशी जाऊन ढलप्या सारून बोट मातीत घालायचा. बोट ओलं आलं की म्हणायचा, "हाय वल." मग पाणी द्यायचं नाही. असं भर उन्हाळ्यात चार-चार दिवस चालायचं. ढलप्यांखाली गवताला उजेड मिळत नव्हता म्हणून गवत नव्हतं, ऊन लागत नव्हतं म्हणून ओल जात नव्हती, पेटी उंच होती म्हणून पावसाचं पाणी तुंबत नव्हतं. हे सगळं मला कळत होतं. मी पदवीधर माणूस. कळत होतं म्हणूनच जास्त पोटात दुखायचं.

आम्ही राहायला आलो त्या वर्षी दिवाळीच्या आसपास बाबालाल आमच्या दारात उभा राहिला. हातात वेताची बुट्टी, म्हणजे भाकरीच्या टोपलीएवढी छोटी टोपली. आत काटेरी वांगी, जांभळी, तकतकीत, देठ हिरवेगार. "वयनी, वानवळा आनलाय," तो म्हणाला.

आमच्या भागात रानात नवं पीक निघालं की त्यातलं पहिलं थोडं शेजाऱ्याच्या घरी द्यायचं, हा वानवळा. ज्याला रान नाही त्यानंही खावं, हा त्यातला अर्थ. आणि त्याला एक नेम आहे. वानवळ्याची बुट्टी रिकामी परत करायची नाही. आपल्या रानातलं काही घालायचं. नसेल तर मूठभर साखर घालायची. साखर घातली की समोरच्याला कळतं, या घरात पिकलं काही नाही.

सुमननं साखर घातली. दुसऱ्या वेळी भेंडी आली, सुमननं साखर घातली. घेवडा आला, साखर. मी शेती खात्याचा साहेब आणि माझ्या घरातून लाकूडवाल्याकडं साखर जात होती. वर सुमननं त्या वांग्यांचा फोटो काढून फोनवर सगळ्या पाहुण्यांना पाठवला. खाली कुणाची वांगी ते लिहिलं नाही. माझ्या मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, रिटायर झाला आन खरे शेतकरी झाला की!" मी फोन तिच्या हातात दिला आणि परड्यात जाऊन कुदळ मारत बसलो.

पुढच्या मोसमात माझी वांगी आली. आली म्हणजे काय, झाडाला आठ-दहा, त्यातली निम्मी अळीनं पोखरलेली, बाकीची लिंबाएवढी. त्याच आठवड्यात बाबालालची बुट्टी पुन्हा आमच्या ओट्यावर होती. सुमननं साखरेचा डबा खाली घेतला. मी म्हणालो, "थांब."

मी आठवडी बाजारात गेलो. चांगली निवडून वांगी घेतली. घरी आल्यावर वाटलं, ही फार स्वच्छ दिसतात. परड्यातली मूठभर ओली माती घेऊन वांग्यांच्या बुडाला चोळली. वर माझ्याच झाडाची दोन पानं टाकली. सुमन दारात उभी राहून बघत होती. "आवं, काय चाललंय ह्ये?" ती म्हणाली.

"वानवळा," मी म्हणालो.

बाबालालनं बुट्टी हातात घेतली. एक वांगं उचलून उलटंसुलटं करून पाहिलं, अंगठ्यानं बुडाची माती पुसली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "सायब, माती लय झ्याक हाय तुमची."

त्या रात्री मला फार चांगली झोप लागली. पुढची तीन वर्षं मी तेच केलं. बाजारातली वांगी, परड्यातली माती. त्या दिवसांत मी बाबालालशी जरा तोऱ्यातच बोलायचो. त्याला सांगितलं, या ढलप्यांना वाळवी लागेल, सगळं खाऊन टाकेल, मग बोलू नका. तो म्हणाला, "लागू द्या की. तिला बी खायाला लागतंयच." मी मनातल्या मनात वाळवीची वाट बघत होतो. वाळवी आलीही. पण ती माझ्या घरात आली आणि मागच्या दाराची चौकट खाऊन गेली. ही चौकट मी बाबालालच्या वखारीतून न घेता मुद्दाम कराडहून आणली होती. नवी चौकट बाबालालच्या मुलानं बसवली. बाबालाल शेजारी ताठ उभा राहून बघत होता, पण कराडबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. त्यानं टोमणा मारला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

शेवटी मी ठरवलं, याचंच करून बघायचं. पण त्याला विचारायचं नाही. शुक्रवारी दुपारी बाबालाल मुलाला घेऊन जुम्म्याच्या नमाजाला गेला की त्याच्या वखारीमागं ढलप्यांचा ढीग कुणाच्या नजरेत नसायचा. मी तीन शुक्रवार मिळून आठ पोती ढलप्या उचलल्या. मागितल्या असत्या तर त्यानं टेम्पोनं आणून टाकल्या असत्या. तेच तर नको होतं.

ढलप्या आणल्या, आता त्या नुसत्या पसरायच्या आणि बसायचं? माझ्यानं ते झालं नाही. तीस वर्षं काम करा, काम करा म्हणून सांगितलेला माणूस मी. मी कुदळ घेतली आणि सगळ्या ढलप्या वाफ्यांत हातभर खोल मिसळून टाकल्या. वर रोपं लावली.

तीन आठवड्यांत रोपं पिवळी पडली. मी युरिया टाकला, थोडी हिरवी झाली, पुन्हा पिवळी. मग माझा तोल गेला. मी तणतणत वखारीत गेलो आणि बाबालालला म्हणालो, "तुम्ही काहीतरी लपवताय. नुसत्या ढलप्यांनी काही होत नाही. त्यात तुम्ही काय घालता ते सांगा."

बाबालाल खुर्चीवरून उठला. माझ्यामागून आला. वाफ्यापाशी उभा राहिला, चपलेच्या टोकानं माती उकरली, ढलप्या वर आल्या.

"आवं सायब," तो म्हणाला, "पुरल्या व्हय? चादर आंगावर घ्याची आसती. पोटात कोन घालतंय?"

या ढलप्या कुठल्या, हे त्यानं विचारलं नाही. मी तिथंच उभा राहिलो. कच्चं लाकूड मातीत मिसळलं की ते कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं, हे मी स्वतः फळ्यावर लिहून शिकवलेलं होतं. वर ठेवलं तर तसं होत नाही, हेही शिकवलं होतं. पण हातात कुदळ आली की मला काही आठवत नाही. त्याला फक्त चादर माहीत होती आणि तेवढ्यावर तो माझ्या पुढं गेला.

याच्यापुढं जे झालं ते सांगायला मला जड जातं. खात्याची गाडी आली. माझ्या हाताखाली काम केलेला एक जण आता तालुक्याचा साहेब झाला होता. कुणीतरी त्याला बाबालालच्या पेट्यांचं सांगितलं होतं. बरोबर पाच-सहा शेतकरी होते, फोटो काढणारा होता. मी कुंपणाशी उभा राहून टोमॅटोला काठी बांधण्याचं निमित्त करत होतो. साहेबानं बाबालालला विचारलं, "ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?"

बाबालालनं हात लांब करून थेट माझ्याकडं बोट दाखवलं. "मला काय सुचतंय? ह्या कदमसायबानी शिकिवलं."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, दया करतोय. माझी पिवळी रोपं बघून भीक घालतोय. तोंड लालबुंद झालं असणार माझं. तेवढ्यात बाबालाल पुढं बोलायला लागला. "आमी एकदा येराडाकडं झाड बगाया गेल्तो. देवळात मीटिंग चाललीवती. सायबानी खांद्यावरचा टावेल काडला आन उनातल्या भुईवर टाकला. घटकाभर बोलत ऱ्हायले. मग टावेल उचलून म्हनले, हात लावा. तर टावेलाखाली गार आन भवतीनं तवा. मी आपला मागं हुबा. तवाच म्हनलं, आपल्याकडं टावेल न्हाई, पर ढलप्या लय हायत्या."

ते खरं होतं. टॉवेलाचा तो खेळ मी प्रत्येक गावात करायचो. शेकडो माणसांनी तो पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन पाचट पेटवून दिलं. पाटणला घर बांधल्यावर मीसुद्धा तो विसरलो, कारण परड्यात पाचोळा पडलेला मला गबाळा दिसायचा. एका वखारवाल्यानं तेवढा तो घेतला होता. म्हणजे ती वांगी, तो घेवडा, त्या पेट्या, सगळं माझंच होतं आणि माझं नव्हतं. इतका हेवा मला त्याचा आधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही.

साहेबानं मला पलीकडं बोलावलं. फोटोत मी बाबालालच्या शेजारी उभा राहिलो. पेटीवर हात ठेवून. कुणी मला विचारलं नाही की तुमचं परडं दाखवा, आणि मीही ते दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी बाबालालच्या छातीत दुखायला लागलं. कराडला नेलं, तिथून सांगलीला. सांगलीत त्याची मुलगी शमा राहायची, तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टर जवळ पाहिजे म्हणून तिनं त्याला तिकडंच ठेवून घ्यायचं ठरवलं. सामान घ्यायला तो दोन दिवस घरी आला आणि जायच्या दिवशी कुंपणाशी उभा राहिला. "सायब, पेट्यांकडं बगा."

"बघतो की. पाणी, खुरपणी, सगळं बघतो."

"न्हाई न्हाई," तो घाबरून म्हणाला. "तुमी काय करू नगा. बोट घालून बगा, वल नसली तर पानी द्या. बाकी खुर्चीवर बसा. तेवढंच करा माज्यासाटी."

मी बसलो. खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस मला वेड लागायची पाळी आली. हात शिवशिवायचे. एका पेटीत एक कोंब दिसला, तो तण की पावटा हे बघायला मी चारदा उठलो. सुमन कुंपणावरून म्हणायची, "बसा खाली." हळूहळू बसायची सवय लागली. मग बाबालालच्या मुलाकडून फळ्या मागून घेतल्या. मागून. माझ्या परड्यात चार पेट्या ठोकल्या, ढलप्या आणल्या आणि वर, नुसत्या वर, पसरल्या.

त्या हिवाळ्यात माझ्या पेट्यांत वांगी लागली. फार नाही. पण तकतकीत, काटेरी, बोट लावलं तर टोचणारी. बाबालालची बुट्टी आमच्याकडंच होती, जाताना त्याच्या घरातून शेवटचा घेवडा आला होता ती. मी त्यात अकरा वांगी रचली आणि सुमनला म्हणालो, "मी सांगलीला जाऊन येतो."

खरं कारण मी तिला सांगितलं नाही, इथं सांगतो. वानवळा तर होताच. पण कराडला गाडी बदलली, कृष्णेचा पूल ओलांडला, तेव्हा माझ्या मनात एकच चाललं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माती नाही, पेटी नाही, ढलपी नाही. या खेपेला वानवळा माझा, म्हणजे बुट्टी त्यालाही रिकामी परत करता येत नव्हती. बाबालाल त्यात काय घालणार? साखर. आजारी माणूस, छातीत दुखणारा, आणि मी त्याच्या घरी साखर आणायला निघालो होतो. पहिल्या वर्षी सुमननं घातली तशी एक मूठ साखर त्याच्या हातून त्या बुट्टीत पडलेली मला बघायची होती.

शमानं दार उघडलं. बाबालाल खाटेवर तक्क्याला टेकून बसला होता. निम्मा झाला होता. गालाची हाडं वर आली होती, पण पेन्सिल कानावर होती. "सायब!" म्हणाला आणि उठायला लागला. शमानं बसवलं.

मी बुट्टी त्याच्या मांडीवर ठेवली. "वानवळा," मी म्हणालो.

त्यानं एकेक वांगं हातात घेतलं. चौथ्या वांग्याला एक बारीक भोक होतं, अळीचं. मी ते मुद्दाम खालच्या बाजूला ठेवलं होतं. बाबालालनं ते फिरवलं, भोकावर अंगठा ठेवला आणि त्याचा सगळा चेहरा हसला.

"ही तुमची हायत," तो म्हणाला.

"माझीच की. नाहीतर कुणाची?"

"आदीची बाजारातली हुती."

शमा चहा आणायला आत गेली होती, तेवढंच बरं. बाबालाल खालच्या आवाजात म्हणाला, "भोकाचं एक बी नसायचं. आन माती लावायचा ते ठीक हाय. पर वांग्याला? वांगं झाडाला टांगून आसतंय, सायब. मुळ्याला लावली आसती तर मी फसलो आसतो."

मी तीस वर्षं शेती शिकवली आहे. वांग्याला खालून माती लागत नाही हे मला कुणी सांगायला नको होतं. पण सांगायला लागलं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"बोललो आसतो तर बुट्टी यायची थांबली आसती की."

माझे डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी, म्हणजे अगदी त्याच क्षणी, त्याच्या खांद्यावरून माझं लक्ष गॅलरीकडं गेलं. गॅलरीत रंगाचे पाच रिकामे डबे ओळीनं मांडले होते. खुर्चीवर बसून हात पोचेल इतक्या उंचीवर, फळीवर. प्रत्येक डब्यात वर ढलप्यांचा थर. डब्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलेलं, 'वांगं'. आणि वांगी लटकत होती. माझ्या वांग्यांपेक्षा मोठी. एकालाही भोक नव्हतं.

"खाली फर्निचरवाला हाय," बाबालाल म्हणाला. "पोतंभर ढलप्या दिल्या त्यानं. बसून बसून काय करायचं?"

माझे भरलेले डोळे तिथल्या तिथं कोरडे झाले. त्यानं शमाला हाक मारली. तिनं त्याच्या सांगण्याप्रमाणं एकेक वांगं देठासकट कापलं आणि माझी अकरा वांगी काढून घेतलेल्या त्या बुट्टीत भरलं. बुट्टी वरपर्यंत भरली. बाबालालनं ती दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. "वयनींना सांगा, वानवळा."

मी जिना उतरून रस्त्यावर आलो आणि वर पाहिलं. बाबालाल गॅलरीत आला होता. त्याला वाकून खाली बघता येत नव्हतं. कठड्याशी ताठ उभा राहून तो समोर, भलतीकडंच, पलीकडच्या इमारतीच्या दिशेनं हात हलवत होता. हातात माझं एक वांगं होतं, ते भोकाचं. मी कुठं उभा आहे हे त्याला दिसत नव्हतं, तरी तो हलवत राहिला. मीही खालून हात केला. मग मला एसटी गाठायची होती.

तीन आठवड्यांनी शमाचा फोन आला.

बुट्टी आमच्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. सुमन म्हणते, कुणाला तरी वानवळा देऊन टाका आणि बुट्टी पुन्हा चालती करा. मी देत नाही. तिच्यात घालायची पाळी माझी होती आणि त्यानं ती माझ्यावरच ठेवली. आता माझ्या पेट्यांत कितीही वांगी लागली तरी ही बुट्टी मी त्याला भरून देऊ शकत नाही. त्यातही तोच पुढं गेला.